इनामगावच्या तोडलेल्या पायांचा अर्थ आजच्या समजुतींवरून लावायचा का?

काळीमाती:
शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं इनामगाव. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगातली, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबत वापरायच्या काळातली वस्ती, साधारण इ.स.पू. १६०० ते ७००. माणसं घराच्या जमिनीखाली पुरलेली, मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले. सांगितलं जातं की मृताचं भूत चालत जाऊ नये म्हणून. हा अर्थ मातीतून निघालेला नाही, आजच्या भुताखेतांच्या समजुतींवरून आला आहे. मधली तीन हजार वर्षं कुठे गेली? आणि इतकी भीती होती तर प्रेत गावाबाहेर नेलं असतं, झोपायच्या जागेखाली कशाला पुरलं असतं?

घोडकाठ:
साफ असहमत. जिवंत माणसांकडे न पाहता हाडांचा अर्थ लावणार कसा? गुजरातमधल्या खंबातला अकीक या दगडाचे मणी आजही हाताने घडवतात. पुरातत्त्वज्ञ केनॉयर आणि सहकाऱ्यांनी त्या कारागिरांची भट्टी, दगड फोडायची पद्धत, कामाच्या जागी पडणारा कचरा, सगळं नोंदवलं. त्यामुळे हडप्पाकालीन कार्यशाळांतल्या बारीक कपच्या वाचता आल्या.

काळीमाती:
खंबात मान्यच. अकीक तेव्हाही असाच फुटायचा. शिवाय तिथे फरकही हाती लागला: आज भोक पाडायला हिऱ्याचं टोक, हडप्पावाल्यांकडे एका अतिकठीण दगडाचं. ती टोकं सापडली म्हणून कळलं. भीती जमिनीत सापडत नाही.

गारगोटी:
श्रद्धांचीही पडताळणी होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या विधींवरून युरोपातली गुहाचित्रं म्हणजे शिकार मिळावी म्हणून केलेली जादू, असं फ्रेंच अभ्यासक रेनाक यांनी मांडलं. मग फ्रान्समधल्या लास्को गुहेत खाल्लेल्या प्राण्यांची हाडं बघितली, बहुतेक रेनडियरची. भिंतींवर शेकडो प्राणी, त्यात रेनडियर जेमतेम एक. जे खात होते तेच रंगवत नव्हते, म्हणजे तो अर्थ जसाच्या तसा टिकला नाही. असंच इनामगावात करता येतं. पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात एक पुरुष मांडी घालून बसवलेला सापडला, पाय शाबूत. त्याच घरात धान्याचं कोठार. भुताचीच भीती असेल तर याला सूट का, हे त्या मताला सांगता आलं पाहिजे.

घोडकाठ:
सांगता येतं. तो गावचा प्रमुख. त्याने पूर्वज म्हणून घरातच वावरावं, असं त्यांना वाटलं असेल.

काळीमाती:
ही पुन्हा आपलीच पितरांची कल्पना! पाय तोडले तरी भूत, नाही तोडले तरी पूर्वज. मग हे मत चुकीचं ठरणार तरी कशाने? प्रमुख होता हे मी मानतो, कारण घर, कोठार, रांजण, तिन्ही एकत्र आहेत. त्यापुढचं मानणार नाही.

गारगोटी:
मग आधी लिहून ठेवावं की काय सापडलं तर भुताचा अर्थ सोडायचा. माझ्या मते, शाबूत पायांची साधी दफनं त्याच थरात मिळाली, तर तो सोडावा. घोडकाठ, तुम्ही कशावर सोडाल?