नेफर्तारीच्या थडग्यातला मेंढ्याच्या डोक्याचा देव: एक की दोन?

शोधयात्री:
नेफर्तारी ही प्राचीन इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याची राणी. लक्झरजवळ राण्यांच्या खोऱ्यातलं तिचं थडगं १९०४ मध्ये इटालियन पुरातत्त्वज्ञ स्कियापारेल्लीला सापडलं. तिथे एका भिंतीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेली ममी उभी आहे. डोकं मेंढ्याचं, त्यावर सूर्यबिंब. इसिस आणि नेफ्थिस या देवी दोन्ही बाजूंनी तिला सावरून धरतात. शेजारी मजकूर आहे: ओसिरिस रा देवात विसावतो, रा ओसिरिसमध्ये विसावतो.

यावरून हे दोन देव, सूर्यदेव रा आणि मृतांचा राजा ओसिरिस, ‘एकरूप झाले’ असं सर्रास लिहितात. मला ते मुळीच पटत नाही. शब्द ‘विसावतो’ असा आहे. दमलेला सूर्य रात्री मृतांच्या राजाच्या देहात उतरतो आणि पहाटे निघतो. मुक्कामाला आलेल्याला आपण घरमालक म्हणत नाही.

गोदाकाठ:
पण मुक्कामाला आलेल्याचं डोकं घरमालकाच्या धडावर बसत नाही ना! दोघांची गळाभेट दाखवायची तर चित्रकार दोन आकृत्या काढू शकला असता. त्याने देह एकच काढला. शिवाय पुढच्या काळातल्या प्ताह-सोकर-ओसिरिस या जोडदेवाच्या रंगवलेल्या लाकडी मूर्ती पाहा. नावं तीन, मूर्ती एक, प्रार्थनाही एकालाच. तिथे पहाटे कोण निघून जातो?

शोधयात्री:
त्या मूर्तींबाबत तुमचं म्हणणं मान्य, तिथे माझा मुद्दा लंगडा पडतो. पण रा आणि ओसिरिसचं तसं नाही. तिसरा थुटमोस या राजाच्या थडग्यात, लंबगोल दफनकक्षाच्या भिंतींवर, ‘अम्दुआत’ म्हणजे सूर्याच्या रात्रीच्या प्रवासाचे बारा तास रेखाटलेत. सहाव्या तासाला रा आपल्या मृतदेहाला भेटतो. बाराव्या तासाला तो भुंगेऱ्याच्या, खेप्रीच्या रूपात बाहेर पडतो. आणि ओसिरिसची ममी? ती तिथेच, पाताळाच्या कडेला टेकलेली. एकरूप झालेल्यांतला एक मागे कसा राहतो?

कुंचला:
मी चित्रं काढते, म्हणून त्या बाजूने सांगते. कुणीतरी हरिहराचं उदाहरण देईलच, पण तिथे देह उभा विभागलेला असतो: अर्धा शिव, अर्धा विष्णू, दोघांची आयुधं वेगळी. इथे शिवण कुठेच दिसत नाही. इजिप्शियन भाषेत मेंढा आणि ‘बा’, म्हणजे आत्म्याचं एक रूप, यांचा उच्चार सारखा. तेव्हा वर सूर्याचा ‘बा’, खाली ओसिरिसचा देह. इसिस-नेफ्थिस या ओसिरिसच्या बहिणी. त्याच्या शवाशेजारी त्याच शोक करतात. त्या दिसल्या की डोकं मेंढ्याचं असूनही देह कुणाचा ते लगेच कळतं. आत्मा आणि देह मिळून एक जिवंत देव होतो. शोधयात्री, यात पाहुणा कोण आणि मालक कोण, मला खरंच दिसत नाही.

गोदाकाठ:
नेमकं हेच. आणि त्याच थडग्यात राणीच्या नावाआधी ‘ओसिरिस’ लावलंय: ओसिरिस नेफर्तारी. मृत माणूसच ओसिरिस होतो. सूर्य त्या देहात उतरला तर तो तिच्याही देहात उतरतो.

शोधयात्री:
हो, आणि तरी नेफर्तारीचं नाव पुसलं जात नाही, ओसिरिसला जोडून राहतं. मी इतका वेळ तेच सांगतोय.