दस्तगीर : अर्थ कोणता, लिहायचं कसं?

चिकोडीहून विचारणा
शाळेच्या दाखल्यावर 'दस्तगिर', आधारवर 'दस्थगीर', हाक मारताना 'दस्तगीरसाब'. यातलं बरोबर कुठलं? शिवाय नावांच्या याद्यांत 'अरबी नाव. अर्थ : हात धरणारा' असं देतात, ते पटत नाही.

निपाणी
अरबी नव्हेच. अरबी वर्णमालेत 'ग' नाही. हे नाव लिहायला फारसीतला गाफ लागतो. दोन्ही तुकडे फारसी : दस्त म्हणजे हात, आणि गीर हे 'गिरिफ्तन' (धरणे) या क्रियापदातून आलेलं. दस्त आपल्याकडे रोजचाच आहे. जमिनीचा खरेदीदस्त घ्या, नाहीतर कागदाचा दस्ता, म्हणजे 24 ताव. गीरही परका नाही : मुलूखगिरी, दिलगीर.

'हात धरणारा' हा अर्थ शब्दाला शब्द ठेवून केलाय. मराठीत कुणाचा हात धरला म्हणजे त्याला अडवलं. फारसीत पडलेल्याचा हात धरून उठवणं अभिप्रेत आहे, म्हणून अर्थ 'हात देणारा', अडीअडचणीतला कैवारी, असा सांगावा. आजच्या फारसीत मात्र 'दस्तगीर करणे' म्हणजे अटक करणे. मोबाइलवर भाषांतर करून पाहिलंत आणि 'अटक' निघाली, तर दचकू नका.

खानापूर
एक भर. गीर म्हणजे डोंगर, किंवा गोसाव्यांच्या नावातलं 'गिरी', असं काहीजण जुळवतात. ते चूक. संस्कृतशी नातं आहे, पण वेगळ्या वाटेनं. फारसी दस्त, अवेस्तातला (पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातला) झस्त आणि संस्कृत हस्त एकाच मुळाचे. गिरिफ्तन आणि वैदिक ग्रभ् (पुढे ग्रह्) हेही तसेच. ऋग्वेदात (10.18.8) 'हस्तग्राभ' हा शब्दच आहे, पाणिग्रहण केलेल्या पतीसाठी. घडण जवळजवळ तीच, अर्थ निराळा. एकातून दुसरा निघाला असं मात्र नव्हे, ही चुलत भावंडं.

निपाणी
हस्तग्राभ लक्षात नव्हता, झकास!
नाव रुजलं ते बगदादचे सूफी संत अब्दुल कादिर जिलानी यांच्यामुळे (निधन 1166). त्यांना पीराने पीर (पीरांचे पीर), दस्तगीर म्हणतात. रबिउस्सानी या इस्लामी वर्षाच्या चौथ्या महिन्याच्या 11 तारखेला त्यांची ग्यारवी (स्मरणदिन) असते, आणि दख्खनीत त्या अख्ख्या महिन्यालाच दस्तगीर म्हणतात. 'गुलाम दस्तगीर' म्हणजे दस्तगीरांचा सेवक. त्यातला गुलाम तेवढा अरबी. जिलानी म्हणजे इराणच्या गीलानचे. इथेही अरबीत 'ग' नसल्यानं 'ज' झाला.

बेळगाव
आता लेखन. गरीब, वकील यांच्यासारखा शेवटून दुसरा स्वर दीर्घ, म्हणून दस्तगीर. 'थ'चा घोळ रोमन लिपीमुळे होतो : कर्नाटकात 'त'साठी टी-एच आणि 'ट'साठी नुसता टी लिहितात. त्या टी-एचवरून कुणी परत देवनागरी केलं की 'दस्थगीर' तयार. कन्नडमध्ये सरळ 'त'च आहे, तेव्हा मराठी लिहिताना इंग्रजी नव्हे, कन्नड ओळ बघावी. 'साब' हा आदराचा जोड. पण दाखल्यावर एकदा चढला असेल तर तो नावाचाच भाग समजायचा, मनानं गाळायचा नाही.

विभक्ती लावताना वकील-वकिलाला होतं तसं माणसाच्या नावाचं करू नये, महिन्याचं चालतं. दस्तगिरात जन्मलेल्या दस्तगीरला.