जेन शाह प्रकरण: केवळ याद्या विकणाऱ्याला एवढी मोठी शिक्षा कशी होते?

सांगलीकर यांचा प्रश्न

‘द रिअल हाउसवाइव्ज ऑफ सॉल्ट लेक सिटी’ ह्या अमेरिकी रिॲलिटी मालिकेतून प्रसिद्धीस आलेल्या जेन शाह हिला न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने 6 जानेवारी 2023 रोजी साडेसहा वर्षांच्या कैदेची शिक्षा सुनावली. (आडनावावरून आपल्याकडे अनेकांना ती गुजराती वाटते, प्रत्यक्षात ती टोंगन वंशाची असून शाह हे तिच्या पतीचे आडनाव आहे.) दूरध्वनीवरून वृद्धांना फसवणाऱ्या टोळीशी तिचा संबंध होता, एवढे बातम्यांतून समजते. मात्र तिच्यावरील आरोपांचा मुख्य भर वृद्धांना फोन करण्यावर नसून, संभाव्य ग्राहकांची नावे व क्रमांक असलेल्या याद्या पुरवण्यावर होता असे दिसते. यादी विकणारा हा फार तर साहाय्यक ठरावा, सूत्रधार नव्हे, असे माझ्यासारख्या सामान्य वाचकाला वाटते. शिवाय वर्षभराहून अधिक काळ स्वतःला निर्दोष म्हणवणाऱ्या ह्या बाईने खटला उभा राहण्याच्या तोंडावर एकाएकी गुन्हा का कबूल केला, आणि ज्यांचे पैसे बुडाले त्यांना काही परत मिळते का, हेही जाणकारांनी सांगावे.

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद

सांगलीकर, ह्या प्रकरणात यादी ही दुय्यम बाब नव्हती. सारा धंदा तिच्यावरच उभा होता. विक्रीच्या व्यवसायात ज्याला ‘लीड’ म्हणतात, ते म्हणजे गिऱ्हाईक होण्याची शक्यता असलेल्या माणसाचे नाव आणि त्याचा क्रमांक. प्रामाणिक व्यवसायातही लीड विकत घेतले जातात, त्यात बेकायदेशीर काही नाही. परंतु 2012 पासून मार्च 2021 पर्यंत चाललेल्या ह्या कटातील याद्यांमध्ये अशा अनेकांची नावे होती, ज्यांनी घरबसल्या ऑनलाइन व्यवसाय सुरू करून देण्याच्या आश्वासनावर विसंबून एकदा पैसे भरलेले होते. एकदा फसलेला माणूस गेलेले पैसे वसूल व्हावेत म्हणून आणखी थोडे घालायला तयार होतो, हे ह्या लोकांना पक्के ठाऊक होते. अशा माणसाचे नाव म्हणूनच बाजारात अधिक मोलाचे ठरते.

युटा, नेवाडा, ॲरिझोना येथील विक्रीकेंद्रांतून (ह्या धंद्यात त्यांना ‘फ्लोअर’ म्हणतात) पहिली विक्री होई आणि तेथून तयार झालेल्या याद्या न्यूयॉर्क व न्यू जर्सीतील फ्लोअरकडे जात. तेथील माणसे त्याच व्यक्तींना पुन्हा फोन करून संकेतस्थळ बांधून देणे, करविवरण तयार करणे, व्यवसायाचे मार्गदर्शन करणे अशा नावाखाली नवनव्या सेवा गळ्यात मारत. ह्यांपैकी कित्येकांच्या घरी संगणकसुद्धा नव्हता, ही एकच गोष्ट त्या सेवांची किंमत सांगायला पुरेशी आहे. एखाद्याने पैसे परत मागितले किंवा बँकेकडे चार्जबॅकचा (कार्डावरून दिलेले पैसे परत मिळवण्याचा) अर्ज केला, तर तो हाणून पाडायला मदत करणे हाही यादी पुरवणाऱ्यांच्या कामाचा भाग होता. जेन शाह ह्या याद्यांच्या व्यवहारात मध्यस्थ होती, नफ्यात तिचा वाटा होता, आणि पुढे मॅनहॅटनमधील एका फ्लोअरचा दैनंदिन कारभारही तिच्याच हाती होता. कोणत्या वृद्धाला कोणी, केव्हा, पुन्हा गाठायचे हे ठरवणाऱ्या व्यक्तीला साहाय्यक म्हणणे मला तरी पटत नाही.

आपल्याकडच्या वाचकांना 2016 च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर घातलेले छापे आठवत असतील. तेथील तरुण मुले अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिकडच्या लोकांना धमकावत असत. त्याच महिन्यात अमेरिकी न्याय विभागाने भारतातून चालणाऱ्या अशा कॉल सेंटरांविरुद्ध जे आरोपपत्र उघड केले, त्यातही डेटा ब्रोकरांकडून (लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्यांकडून) मिळवलेल्या माहितीचा उल्लेख होता. फोनवर बोलणारी मुले पकडली गेली की त्यांची छायाचित्रे छापून येतात. ते क्रमांक त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचवले, हे सहसा बातमीत येत नाही. शाह प्रकरणाचे महत्त्व मला ह्याच कारणाने वाटते.

विधिज्ञ यांचा प्रतिसाद

कृष्णाकाठ यांनी कार्यपद्धती उत्तम मांडली आहे, त्याला कायद्याची जोड देतो. अमेरिकी संघीय कायद्यात वायर फ्रॉडचा (दूरध्वनी, इंटरनेट अशा माध्यमांतून केलेल्या फसवणुकीचा) कट हा स्वतंत्र गुन्हा असून कटात जाणीवपूर्वक सामील झालेल्या व्यक्तीने प्रत्यक्ष फोन केला की नाही, ह्याने तिचे दायित्व टळत नाही. ह्या गुन्ह्याची कमाल शिक्षा 20 वर्षे आहे. टेलिमार्केटिंगमधून 55 वर्षांवरील दहा किंवा अधिक व्यक्तींची फसवणूक झाली असेल, किंवा त्या वयोगटाला मुद्दाम लक्ष्य केले गेले असेल, तर तीत आणखी 10 वर्षांची भर पडते. म्हणजे जेन शाहपुढे 30 वर्षांची कमाल मर्यादा होती आणि त्याखेरीज मनी लाँडरिंगच्या कटाचा दुसरा आरोप होताच.

आता कबुलीविषयी. हे प्रकरण 2021 साली अचानक उपटलेले नव्हते. ह्या जाळ्यातील इतरांवर त्याआधीच खटले झाले होते, आणि सहकारी पकडले जात असतानाही तिने धंदा थांबवला नाही, हा सरकारी पक्षाचा एक प्रमुख मुद्दा होता. कंपन्या दुसऱ्यांच्या नावे काढणे, संदेश पुसून टाकायला सांगणे, काही कामकाज कोसोव्होमध्ये हलवणे, असे प्रकार नोंदले गेले होते. तिच्या साहाय्यकाने तर नोव्हेंबर 2021 मध्येच गुन्हा कबूल केला होता. ज्या माणसाला आतले सारे ठाऊक आहे तोच कबुली देऊन मोकळा झाल्यावर, ज्युरीपुढे ‘मला काही कल्पना नव्हती’ असे सांगण्यात फारसा अर्थ उरत नाही.

अखेर 11 जुलै 2022 रोजी तिने वायर फ्रॉडच्या कटाची कबुली दिली आणि त्या बदल्यात मनी लाँडरिंगचा आरोप मागे घेण्यात आला. विकल्या जाणाऱ्या सेवांना जवळजवळ काहीच मूल्य नाही आणि फसवले जाणारे बरेच लोक पंचावन्नच्या पुढचे आहेत हे आपल्याला माहीत होते, असे तिला भर न्यायालयात सांगावे लागले. सरकारी पक्षाने 10 वर्षे मागितली होती, बचाव पक्षाने 3, आणि न्यायाधीश सिडनी स्टाइन यांनी साडेसहा वर्षे दिली. आपल्याकडे 2006 पासून कबुलीकराराची तरतूद आहे, परंतु ती सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती मर्यादित असून तिचा वापरही क्वचितच होतो. अमेरिकेत मात्र बहुसंख्य संघीय प्रकरणे ह्याच वाटेने निकाली निघतात.

अनामिका यांचा प्रतिसाद

कायद्याचे ठीक आहे, पण वाहिनीची भूमिका कोणी विचारात घेणार आहे की नाही? 30 मार्च 2021 रोजी अटक झाली तेव्हा दुसऱ्या पर्वाचे चित्रीकरण चालू होते. साऱ्याजणी सहलीला निघालेल्या बसमधून ती एका फोननंतर घाईघाईने उतरली आणि थोड्याच वेळात तपास अधिकारी तिच्या शोधात तेथे येऊन थडकले. हा सगळा प्रसंग ब्राव्हो वाहिनीने यथास्थित प्रक्षेपित केला. पुढे मालिकेच्या शीर्षकदृश्यात ह्याच आरोपांवर कोटी करणारे वाक्य तिच्या तोंडी देण्यात आले, आणि तिच्या निर्दोषत्वाच्या घोषणा छापलेले कपडेही विक्रीला आले. ज्यांची आयुष्यभराची बचत गेली त्या वृद्धांना हे पाहून काय वाटले असेल?

न्यायाधीशांनी मालिकेतील पात्र आणि समोर उभी असलेली व्यक्ती ह्यांत गल्लत करू नये असे म्हटले, ते न्यायदानाच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु तो डामडौल केवळ पात्राचा नव्हता. मॅनहॅटनमधील सदनिका, आलिशान मोटार, उंची पिशव्या ह्यांचा खर्च कोठून होत होता ते आता सर्वांना ठाऊक आहे. त्यातही झडतीत सापडलेल्या उंची वस्तूंमध्ये डझनावारी नकली निघाल्या, हे वाचून मला हसू आवरले नाही.

सांगलीकर

सर्वांचे आभार. यादीविषयीचे माझे मत बदलले. पैशांच्या परताव्याचा प्रश्न मात्र राहिलाच. शिवाय ‘क्रिसली नोज बेस्ट’ ह्या मालिकेतील टॉड आणि ज्युली क्रिसली ह्या दांपत्याला बँका व करखात्याची फसवणूक केल्याबद्दल अनुक्रमे 12 व 7 वर्षांची शिक्षा झाली असताना, मे 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. मग शाह हिलाही तशीच वाट मोकळी आहे काय?

विधिज्ञ

माफी हा राष्ट्राध्यक्षांचा घटनादत्त अधिकार आहे, त्यामुळे तत्त्वतः वाट कोणालाही मोकळी आहे. मात्र क्रिसली दांपत्याने खटला लढवला होता, दोषसिद्धीनंतर अपीलही केले होते, आणि त्यांच्या मुलीने 2024 च्या रिपब्लिकन अधिवेशनात व्यासपीठावरून भाषण केले होते. त्यांच्या प्रकरणात नुकसान सोसणाऱ्या मुख्यतः बँका होत्या. भर न्यायालयात वृद्धांच्या फसवणुकीची कबुली दिलेल्या व्यक्तीसाठी अशी मोहीम उभी करणे राजकीयदृष्ट्या बरेच अवघड आहे. माफीशिवाय लवकर सुटका म्हणाल, तर संघीय कायद्यात जुन्या पद्धतीचा पॅरोल (शिक्षा संपण्यापूर्वी मिळणारी सशर्त सुटका) 1987 पासूनच्या गुन्ह्यांना लागू नाही. चांगल्या वर्तणुकीबद्दल वर्षाला 54 दिवसांपर्यंत आणि 2018 च्या सुधारणा कायद्याखाली काही अधिक सूट मिळते, एवढेच.

परताव्यासंबंधी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुन्ह्यातून मिळवलेले 65 लाख डॉलर व काही मौल्यवान वस्तू सरकारजमा करण्याचा एक आदेश, आणि पीडितांना सुमारे 66 लाख डॉलर भरपाई देण्याचा दुसरा. पहिल्यातील रक्कम आपोआप पीडितांकडे जात नाही, त्यासाठी न्याय विभागाला स्वतंत्र निर्णय घ्यावा लागतो. भरपाई मात्र 1996 च्या कायद्याने अशा गुन्ह्यांत बंधनकारक आहे आणि तिचे दायित्व सुटकेनंतरही 20 वर्षे राहते. दोषी व्यक्तीच्या उत्पन्नातून हप्त्याहप्त्याने ती वसूल होत असल्यामुळे पूर्ण रक्कम हाती येईल अशी आशा मी तरी बाळगणार नाही. दरम्यान एखाद्या पीडिताचा मृत्यू झाल्यास त्याच्या वाट्याची रक्कम त्याच्या मालमत्तेत जमा होते व तेथून वारसांना मिळते.