झाड कुठेही लावलं तरी पृथ्वी थंड होते?

आर्द्रा: 'जागा कुठलीही असो, झाड लावा, पृथ्वी थंड होईल' ही पोस्ट वाचून डोकं सणकलं. सगळा फरक जागेनंच तर पडतो! सायबेरियात, उत्तर कॅनडात महिनोन्‌महिने बर्फ असतो. ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त ऊन परत आकाशात धाडतो. तिथे स्प्रूस आणि पाइनसारखी सुईच्या पानांची झाडं उभी केली की बर्फ झाकला जातो, वर काळपट पानं उरतात आणि ती बहुतेक ऊन शोषून घेतात. कार्बन शोषल्याचा फायदा त्या उष्णतेत बराचसा बुडतो, काही ठिकाणी सगळाच. हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड बेट्स यांनी २००० सालीच हे 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडलंय.

उंबर: म्हणजे उत्तरेतली जंगलं तोडायची का? लाकूडवाल्यांना आयतं कोलीत देताय.

आर्द्रा: तोडा असं मी कुठे लिहिलंय? आहे ते जंगल राहू द्या, त्याच्या मातीत प्रचंड कार्बन साठलाय. नव्या लागवडीचा पैसा विषुववृत्ताकडे वळवा, एवढंच म्हणणं आहे. तिथे झाडं बारमाही वाढतात, पानांतून बाष्प सोडतात, त्याचे ढग होतात आणि तेही ऊन परतवतात. अ‍ॅमेझॉनवरचं बाष्प अँडीज पर्वताला अडून दक्षिणेला वळतं आणि पार अर्जेंटिनाकडच्या ला प्लाटा नदीच्या खोऱ्यात पाऊस पाडतं.

गवतवेडा: विषुववृत्ताकडे म्हणे! तिथली गवताळ राने दिसतात का कुणाला? २०१९च्या 'सायन्स'मधल्या त्या गाजलेल्या लेखात ९० कोटी हेक्टरांवर झाडं वाढू शकतात असं म्हटलं होतं. त्यात सव्हाना, म्हणजे विरळ झाडांची गवताळ रानंही धरली, म्हणून त्याच नियतकालिकात आक्षेपांची रांग लागली. गवताचा कार्बन मुळांत असतो, वणवा लागला तरी तो जमिनीखाली वाचतो. मी लागवडीच्या कामावर होतो. खड्डे खणताना गवताची मुळं मांडीएवढ्या खोलीवरही संपत नव्हती. ती उपटून आम्ही निलगिरी लावली. टिटवीची अंडी उकरलेल्या मातीखाली गेली आणि ती दिवसभर डोक्यावर ओरडत फिरत होती. याला हरितीकरण म्हणायचं?

बांधावरचा: निलगिरीला शिव्या घालणं सोपं आहे. आमच्या घराचं कर्ज तिच्यावरच फिटलं. पडीक जमीन होती, दुसरं काय पिकणार होतं तिच्यात?

गवतवेडा: पडीक! गवत दिसलं की पडीक. तुम्ही उत्पन्नासाठी लावलीत, तो तुमचा हक्क. पण ती पाच-सात वर्षांत तोडून कागदाच्या लगद्याला जाते. तो कार्बन किती दिवस अडकून राहिला? तिला जंगल म्हणून हवामानाच्या हिशेबात धरू नका.

बांधावरचा: हिशेब धरणारे वेगळे, घाम गाळणारे वेगळे. आम्हाला कशाला सुनावताय? आणि तोडल्यावर बुंध्याला पुन्हा फुटवे येतात, हेही लिहा की.

गवतवेडा: येतात, मान्य. आणि ते फुटवेही जमिनीतलं पाणी ओढतात.

उंबर: भांडण निलगिरीवर कुठून गेलं? बर्फाचा मुद्दा मी मान्य करतो, नाइलाजानं. पण मधल्या पट्ट्याचं काय? चीनच्या लोएस पठारावर, म्हणजे सहज धुपणाऱ्या मऊ मातीच्या पठारावर, १९९९पासून उतारावरची शेती सोडून झाडं-गवत लावलं. पीत नदीतला गाळ घटला. तेही चुकलंच म्हणणार?

आर्द्रा: धूप थांबली, हे मोठं काम आहे. पण नदीचं पाणीही घटलं आणि तिथे आणखी झाडं लावायला पाणी पुरणार नाही, असा इशारा अभ्यासकांनी २०१६ सालीच दिलाय. म्हणून तर विचारते, 'कुठेही लावा' लिहिणाऱ्यानं यातलं एक तरी गणित मांडलंय का?

गवतवेडा: आणि गवताचं?