'पॉप्युलर व्होट' म्हणजे लोकप्रिय मत?

सांजवारा
एका शब्दावर दोन दिवस अडले आहे. अमेरिकेच्या २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीवरच्या (अल गोर विरुद्ध जॉर्ज बुश) एका लांबलचक लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात दर दोन ओळींना 'पॉप्युलर व्होट' आणि 'इलेक्टोरल व्होट' येतं. पहिलं म्हणजे देशभरच्या मतदारांनी दिलेली मतं, दुसरं म्हणजे प्रत्येक राज्याच्या वाट्याची ठरावीक मतं; बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला ती सगळी मिळतात आणि अध्यक्ष त्यांवरच ठरतो. दुसऱ्यासाठी 'निर्वाचक मत' घेतलं, राष्ट्रपतींच्या निवडणुकीमुळे 'निर्वाचक मंडळ' वाचकांच्या कानावरून गेलेलं असतं. पहिल्याचं काय करू? बातम्यांत सर्रास 'लोकप्रिय मते' दिसतं, पण लोकप्रिय गाणं असतं, नट असतो. मत कसं लोकप्रिय असेल? 'लोकमत' म्हणजे लोकांना काय वाटतं ते. 'जनमत' लिहिलं की सार्वमत डोळ्यांपुढे येतं. शेवटी शब्द टाळून लिहिलं, "गोर यांना देशभरात बहुमत मिळालं, पण अध्यक्ष बुश झाले." संपादकांनी 'बहुमत'खाली लाल रेघ मारून मजकूर परत पाठवला. आमच्या घरी तर सगळे 'बहुमताने निवडून आला' असंच म्हणतात. माझं चुकलं कुठे?

अंकगणिती
संपादकांचं बरोबर आहे. गोर यांना ५,०९,९९,८९७ मतं, बुश यांना ५,०४,५६,००२. गोर ५,४३,८९५ मतांनी पुढे. पण तिसरे उमेदवार नेडर आणि इतरांनीही मतं घेतली होती, त्यामुळे गोर ४८.४ टक्क्यांवरच थांबले. निम्मा टप्पा ओलांडला नाही, म्हणजे बहुमत नाही. त्यांच्याकडे होतं ते मताधिक्य.

हा फरक केवळ कोशातला नाही, त्यावर अध्यक्ष ठरलेले आहेत. १८२४ साली अँड्र्यू जॅक्सन यांची निर्वाचक मतं सगळ्यांत जास्त होती, ९९. पण २६१ पैकी १३१ लागत होती. मग निवड अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाकडे गेली आणि ८४ मतंवाले अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले. उलट १८७६ साली टिल्डन यांना लोकांचं खरोखरचं बहुमत होतं, जवळजवळ ५१ टक्के. निर्वाचक मतं १८४, हवी होती १८५. वीस मतांवर वाद होता. पंधरा जणांचा आयोग नेमला, त्याने आठ विरुद्ध सात अशा निकालांनी वीसच्या वीस प्रतिस्पर्धी हेज यांना दिली. १८५ विरुद्ध १८४! ताई, तुमचं वाक्य टिल्डनना तंतोतंत लागू पडतं, गोरना नाही.

जुनं पान
मला हे मान्य नाही. संस्कृतात 'बहुमत' म्हणजे ज्याला लोक फार मानतात तो, 'बहुमान'चाच भाऊ. 'बहु' म्हणजे पुष्कळ. त्यात निम्मं कुठून आलं? आमच्या गावात तिघे उभे राहिले आणि एकाला जास्त मतं पडली, की तो बहुमताने आला असंच म्हणतात, आणि ते ऐकून कुणाचाही गैरसमज होत नाही. विधानसभेच्या बातम्यांत 'स्पष्ट बहुमत' म्हणावं लागतं, त्यावरूनच कळतं की नुसतं 'बहुमत' सैल आहे.

अंकगणिती
काका, मग 'अल्पमतातलं सरकार' म्हणजे काय? सगळ्यांत मोठा पक्ष असूनही आपण त्याला अल्पमतातला म्हणतो. बहुमत आणि अल्पमत यांच्यामधली रेघ निम्म्यावरच आहे. ती पुसली तर टिल्डन आणि गोर यांच्यातला फरक मराठीत सांगताच येणार नाही.

जुनं पान
येईल की. गोरना 'सर्वाधिक मतं' म्हणा, टिल्डनना 'निम्म्याहून अधिक'. गावाने वापरून रुळवलेला शब्द चूक ठरवायची गरज नाही.

हडसनकाठी
न्यू जर्सीहून. २०१६ च्या निकालाच्या रात्री माझ्या सासूबाई आमच्याकडे होत्या. क्लिंटन यांची आघाडी पुढे अठ्ठावीस लाख मतांच्या वर गेली, निर्वाचक मतं मात्र ३०४ विरुद्ध २२७ अशी ट्रम्प यांच्या बाजूने. त्या पुन्हापुन्हा विचारत, "जास्त मतं बाईंना, मग हरल्या कशा?" मी वाड्यांचं उदाहरण दिलं. पाच वाड्यांचं गाव, प्रत्येक वाडीत पाच मतदार. ज्याला वाडीत तीन मतं, त्याची अख्खी वाडी. तीन वाड्यांत तीन-तीन मतं मिळवली आणि उरलेल्या दोन वाड्यांत एकही नाही, तरी २५ पैकी ९ मतांवर गाव जिंकता येतं. सोळावाला घरी. त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे डोकी वेगळी मोजायची आणि वाड्या वेगळ्या." तेव्हापासून आमच्या घरात 'डोक्यांची मतं' आणि 'राज्यांची मतं'. लेखात चालेल की नाही ठाऊक नाही, पण अर्थ यात जितका स्वच्छ कळतो तितका मला दुसऱ्या कुठल्या शब्दात सापडलेला नाही.

अंकगणिती
वाड्यांचं उदाहरण सुरेख. मात्र खऱ्या वाड्या सारख्या नाहीत. प्रत्येक राज्याला लोकसंख्येप्रमाणे मिळणाऱ्या मतांवर सिनेटमधल्या (संसदेच्या वरच्या सभागृहातल्या) दोन जागांची म्हणून दोन मतं मिळतात, राज्य केवढंही असो. २००० साली बुश यांनी ३० राज्यं जिंकली, गोर यांनी २० आणि राजधानीचा जिल्हा. बुश यांच्या २७१ मधून ६० वजा करा, २११ उरतात. गोर यांच्या वाट्याची २६७ (एका निर्वाचक बाईंनी कोरी चिठ्ठी दिली म्हणून नोंद २६६), त्यातून ४२ गेली की २२५. ती दोन-दोन मतं नसती तर ज्या फ्लोरिडा राज्यावर सगळा निकाल अडला होता ते हरूनही गोर जिंकले असते! फेरमोजणीवर एवढं लिहिलं गेलं, ही वजाबाकी मात्र फार कमी लोक करतात.

म्हणून 'निर्वाचक मत' या शब्दाबद्दलही मला शंका आहे. आपल्याकडे राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमदाराच्या मताला 'मतमूल्य' असतं. १९७१ च्या जनगणनेतल्या लोकसंख्येला आमदारसंख्येने भागायचं आणि पुन्हा हजाराने. महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५, उत्तर प्रदेशच्या २०८, गोव्याच्या २०, सिक्कीमच्या ७. तिथे वरची दोन मतं नाहीत. एकच शब्द वापरला तर वाचक आपलं गणित त्यांच्या निवडणुकीला लावेल.

तळकोकण
'कौल' का नको? 'जनतेचा कौल' आपण रोज म्हणतो. 'लोककौल' आणि 'निर्वाचककौल' करा, दोन्ही नीट बसतात.

जुनं पान
कौल अरबी. मूळ अर्थ शब्द, वचन. शेतकऱ्याला जमीन लावताना दिलेला 'कौलनामा' त्यातूनच आला. मराठीने पचवलेला शब्द आहे, माझी हरकत नाही. कुणी छपरावरच्या कौलाशी त्याचा संबंध जोडू नये एवढंच. लोक जोडतात म्हणून सांगतो.

मांडवीतीर
गोव्यातून लिहिते. आमच्याकडे 'जनमत कौल' म्हटलं की एकच गोष्ट आठवते: १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०, म्हणजे ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली. माझ्या आजोबांनी फुलावर मत दिलं होतं आणि आजीने पानांवर, आणि दोघं ते मरेपर्यंत सांगत. कौल हो किंवा नाही या प्रश्नाला मिळतो. चार उमेदवारांत वाटल्या गेलेल्या मतांना कौल म्हणणं मला जड जातं.

तळकोकण
हो-नाहीचाच, कबूल. पण देवळातला कौल पाहिला असेल तर त्यात तिसरंही असतं. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लहानपणी जमिनीच्या वादासाठी लावलेला एक कौल मी पाहिला आहे. उजवी पाकळी अर्धी सुटली आणि खालच्या टोकावर तशीच राहिली. दोन्ही घरची माणसं समोरासमोर बसून. कुणी खोकत नव्हतं. पंखा बंद केला. दिवेलागण झाली तरी पाकळी पडेना, आणि गुरवाने तिला हात लावला नाही.

सांजवारा
अहो, हे तर माझ्या लेखातलंच आहे! फ्लोरिडात भोकं पाडायच्या मतपत्रिका होत्या. सळईने टोचलं की कागदाचा चौकोनी तुकडा पडायला हवा. काहींचा पडलाच नाही, एका कोपऱ्यावर लोंबत राहिला. काहींना नुसता फुगवटा आला. मोजणारी माणसं पत्रिका दिव्यापुढे धरून पाहत होती. साठ लाखांच्या आसपास मतं आणि फरक ५३७. त्या तुकड्याला इंग्रजीत 'चॅड' म्हणतात. मी 'टिकली' लिहिलं आहे, कचेरीत पंचिंग मशीनमधून पडतात त्यांना आम्ही तेच म्हणतो. 'लोंबती टिकली', 'फुगलेली टिकली'. चालेल ना?

अंकगणिती
टिकली छान. ५३७ म्हणजे दर अकरा हजारांमागे एक मत. भोकं वाचणाऱ्या यंत्रांची चूक याहून मोठी होती. त्यात पाम बीच परगण्यात उमेदवारांची नावं दोन पानांवर समोरासमोर छापलेल्या पत्रिकेमुळे १९ हजारांहून जास्त लोकांनी दोन-दोन भोकं पाडली, ती सगळी बाद. इतक्या कमी फरकाला गणिताच्या भाषेत बरोबरीच म्हणायला हवं. न्यू मेक्सिकोत तर फरक ३६६ चाच होता, पण तिथली पाच निर्वाचक मतं निर्णायक नव्हती म्हणून कुणी पाहिलं नाही. खरी बरोबरी झाली तर आपल्याकडे ईश्वरचिठ्ठी काढतात. २०१७ साली मुंबई महापालिकेत २२० क्रमांकाच्या प्रभागात चिठ्ठीनेच निकाल लागला.

जुनं पान
'ईश्वरचिठ्ठी'! इतका नेमका शब्द दुसऱ्या भाषेत असेल का? तुम्ही तोच वापरा, सांजवारा.

सांजवारा
तिथे चिठ्ठी काढली नाही हो, काका. १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मोजणी थांबवली. आता 'पॉप्युलर व्होट'चं सांगा कुणीतरी, उद्या मजकूर द्यायचा आहे. सध्या 'मतदारांची मतं' ठेवलं आहे, पण सतराव्यांदा तेच वाचताना कंटाळा येतो.

हडसनकाठी
डोक्यांची मतं!

मांडवीतीर
तळकोकण, त्या पाकळीचं पुढे काय झालं? आमच्याकडे अशा वेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा गाऱ्हाणं घालतात. आणि अशा अडकलेल्या पाकळीला तुमच्याकडे काही वेगळा शब्द आहे का?

तळकोकण
शब्द होता. आई म्हणायची तो. आठवत नाही. मामांना फोन करून विचारतो.