चित्र काढताना मूल बोलतं कसं करावं?

प्रश्न: मुलगी ३ वर्षांची, सुटे शब्दच बोलते. रंगवायला सोबत बसलो तरी गप्पच. काय बदलावं?

उत्तर १: कागद एकच, मोठा. खडू तुमच्याकडे ठेवा. दोन पुढे धरून "लाल की निळा?" विचारा आणि मनात १० पर्यंत मोजा. आपण घाईने स्वतःच उत्तर देतो, तिथेच तिची संधी जाते. नुसतं बोट दाखवलं तरी "निळा हवा!" म्हणत लगेच द्या, अडवलंत तर चिडेल.

उत्तर २: "हे काय काढलंस?" नको, परीक्षा वाटते. ती "गोल" म्हणाली की तुम्ही "मोठा गोल". एकच शब्द वाढवायचा.

उत्तर ३: भेंडीचे ठसेही छान! "आता तू, आता मी" आपोआप येतं. रंग घट्ट ठेवा, पातळ झाला की फुलाच्या पाकळ्या फिसकटतात. आणि कानांची तपासणी झाली नसेल तर ती आधी करा.