तळ्याच्या गाळावरून पाऱ्याची सालं कशी कळतात?

सांगलीकर:
सध्या मुलाकडे सिरॅक्यूजला मुक्काम आहे (न्यूयॉर्क राज्यात, पण शहरापासून गाडीने चार-पाच तास). रोज सकाळी ओनोंडागा तळ्याकाठी फेरी असते. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, इथले मासे जपून खायचे, कारखान्याने पारा सोडला होता. कधी किती सोडला ते गाळाचे थर बघून कळतं म्हणे. बत्तीस वर्षं शाळेत रसायन शिकवलंय, पण हे काही पचत नाही. पारा एवढा जड, तो खाली झिरपत जाणार नाही का? मग सालं कुठून कळणार?

गाळकरीण:
सर, पीएचडीची पाच वर्षं मी हाच चिखल कापला, मिनेसोटात. गाळात पारा थर्मामीटरमधल्यासारखा मण्यांनी बसलेला नसतो. सेंद्रिय कणांना आणि गंधकाला चिकटतो, मग फारसा हलत नाही. किडे-अळ्या गाळ ढवळतात हे खरं, पण खोल तळाशी प्राणवायू संपला की त्याही नसतात.

आम्ही बोटीतून लांब पारदर्शक नळी गाळात सोडायचो. वर आली की तळाशी राखाडी, वर काळपट, आणि वास सडक्या अंड्यांचा! मग अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या. प्रत्येक चकतीची कड खरवडून टाकायची, कारण नळी आत जाताना वरचा चिखल कडेने खाली ओढते. पहिल्या नळीत मी हे विसरले आणि आठवडाभराची मेहनत पाण्यात.

वय शिसे-२१० वरून काढतात. हे हवेतून तळ्यात पडणारं किरणोत्सारी शिसं, थरात गाडलं गेलं की ठरावीक वेगाने घटत जातं. त्याचा अर्धायुष्यकाळ सुमारे २२ वर्षं, त्यामुळे दीडशे वर्षांपर्यंत चालतं. पडताळणीला सीझियम-१३७: अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या थरात त्याचं प्रमाण सर्वात जास्त दिसतं. पारा मोजताना चकती जाळून वाफ सोन्यावर धरतात. सोनं पारा कसं पकडतं ते कुठल्याही सोनाराला विचारा.

तुमच्या तळ्याची गोष्ट मिठाची. खारट झऱ्यांमुळे तिथे रसायनउद्योग आला. मिठाच्या पाण्यातून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा काढायला पाऱ्याचे सेल वापरत. १९४६ ते १९७० मध्ये सुमारे ७५ टन पारा तळ्यात गेला. पण एकही कारखाना नसलेल्या दूरच्या तळ्यांतसुद्धा १८५० नंतरच्या थरांत पारा साधारण तिप्पट होतो. तो कोळशाच्या धुरातून, सोन्याच्या खाणींतून हवेने आलेला. म्हणून नुसता आकडा बघून कारखान्याला धरता येत नाही, शेजारच्या स्वच्छ तळ्याचीही नळी काढावी लागते.

सांगलीकर:
वा, शिकवणी आवडली. पण गाडला गेलाय तर माशांत कसा येतो?

गाळकरीण:
वरच्या थरातला येतो. प्राणवायू संपला की सल्फेटवर जगणारे जिवाणू पाऱ्याचं मिथिल-पारा करतात, आणि तोच माशांत साठतो. २०१२ ते २०१४ मध्ये उथळ भागातला गाळ उपसला, बऱ्याच भागावर वाळूचं पांघरूण घातलं. खोल पाण्यात २०११ पासून उन्हाळ्यात कॅल्शियम नायट्रेट सोडतात. नायट्रेट असलं की त्या जिवाणूंचं फावत नाही. शेतात टाकलं तर खत, इथे औषध.

डोंगरवाट:
अवांतर: कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना आठवतोय का? २००१ मध्ये भंगारवाल्याकडे पाऱ्याने माखलेल्या काचा सापडल्या आणि तो बंद पडला. पुढे कोडाई तलावाच्या गाळातला पारा मोजला, तो दूरच्या बेरिजम तलावापेक्षा जास्त निघाला. वर सांगितलेली शेजारच्या तळ्याची तुलना ती हीच. गंमत म्हणजे हा कारखाना १९८० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाऊनहून उचलून आणलेला होता. सरांपासून शंभरेक किलोमीटरवर असेल.

सांगलीकर:
वॉटरटाऊन? अहो, गेल्या रविवारी थाउजंड आयलंड्सला जाताना तिथेच चहाला थांबलो होतो. मुलाला आत्ताच सांगितलं, तर म्हणतो, "बाबा, तुम्ही कुठेही गेलात तरी पारा शोधणार."